घरी जाऊन सांगा

परवा माझी भाची शाळेतून आली ती दप्तरासकट थेट मोरीत, आणि मी धुणं विसळत असताना तिनं नळ बंद करून टाकला. वर मलाच ऐकवलं, "मावशी, किती पाणी घालवतेस गं तू!" चौकशी केली तेव्हा कळलं, विद्यापीठातले दादा-ताई शाळेत आले होते. पाणी कसं वाचवायचं, कचरा कसा वेगळा करायचा ते त्यांनी शिकवलं आणि निघताना म्हणाले, घरी जाऊन सगळ्यांना सांगा. पोरगी सांगायला आली होती. तिचं कौतुक करायचं सोडून मी विचारलं, "मग ते दादा येणार आहेत का आपल्याकडे?" ती गोंधळली. दादा कशाला येतील?

तो प्रश्न मी शैलाताईंकडून उचललेला. त्या जाऊन आता काही वर्षं झाली, पण प्रश्न माझ्या तोंडात बसला आहे.

शैलाताई नांदेडला आमच्या कॉलेजात एम.एस्सी.ला होत्या, रसायनशास्त्र घेऊन. मी बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला. विद्यापीठाच्या स्वयंसेवकांमध्ये नाव घातलं तेव्हा मला वाटलं होतं, झाडं लावायची, गाणी म्हणायची आणि शिबिरात मजा करायची. शैलाताईंनी पहिल्याच दिवशी माझ्या हातातली प्लॅस्टिकची पिशवी उचलून धरली आणि विचारलं, "हे आलं कुठून आणि जाणार कुठं?" मी म्हटलं, "वजिराबादच्या बाजारातून आली, घरी जाणार." सगळे हसले. त्या हसल्या नाहीत. "मी तुला नाही, पिशवीला विचारतेय," म्हणाल्या.

हे त्यांचं कायमचं. चहाचा कप असो, खडूचा खोका असो, कुठून आलं आणि कुठं जाणार हे कळल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. शिबिराच्या उद्घाटनाला मोठे पाहुणे आले होते. त्यांना चकचकीत प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला गुच्छ दिला, तर कार्यक्रम संपल्यावर शैलाताई जीपपर्यंत मागे गेल्या. "सर, फुलं इथंच राहू द्या हवं तर, पण कागद तेवढा बरोबर घेऊन जा. गावात तो टाकायला जागा नाही." पाहुण्यांनी कागदाची घडी घालून खिशात ठेवली. आमच्या प्राध्यापकांना घाम फुटला होता.

उंच, सडपातळ, चालायला लागल्या की आम्ही मागे पळत असू. चपला कायम एका बाजूनं झिजलेल्या. बोलायच्या घाईघाईनं आणि समोरच्यानं मान डोलावेपर्यंत त्याला सोडायच्या नाहीत. पटवून देणं हा त्यांचा छंदच होता. त्या वेळी 'शाश्वत' वगैरे शब्द आमच्यापर्यंत पोचले नव्हते, आम्ही पर्यावरण म्हणायचो. शैलाताई तेही म्हणत नसत. "डोकं वापरून राहायचं," एवढंच म्हणायच्या.

त्र्याण्णव सालच्या भूकंपाच्या आदल्या हिवाळ्यात आमचं शिबिर लातूर जिल्ह्यात, औसा-निलंग्याच्या बाजूच्या एका गावात लागलं. गावाचं नाव लिहीत नाही. शैलाताई गावात शिरल्या आणि घरांच्या प्रेमातच पडल्या. हातभर जाडीच्या दगडमातीच्या भिंती, वर लाकडी तुळया आणि त्यांवर मातीचं माळवद. त्यांचं नांदेडचं घर स्लॅबचं. उन्हाळ्यात त्या स्लॅबवर पापड भाजावेत असं तापायचं. इथं आत पाऊल टाकलं की गार. "बघ सुधा," मला म्हणाल्या, "दगड इथला, माती इथली, लाकूड इथलं. पडलं तर परत मातीतच. आणि ही माणसं पत्रे घालायला निघालीत."

निघाली होती हे खरं. त्या वर्षी तिकडं जमीन गुरगुरत होती. हादरे बसायचे, लोक काही दिवस बाहेर झोपायचे, मग कंटाळून आत जायचे. ज्यांच्या हातात चार पैसे होते ते माळवद उतरवून पत्रे टाकायचं बोलत होते.

आमचे वर्ग शाळेत भरायचे. तिसरी-चौथीच्या पोरांत संगीता नावाची एक मुलगी होती. नाकात नथनी, डोळे सारखे शैलाताईंवर. त्या चालल्या की ही त्यांच्यासारखी ढांगा टाकत चालायची. एका दिवशी माळवदाचा विषय निघाला. शैलाताईंनी फळ्यावर दोन घरं काढली, एक पत्र्याचं, एक मातीचं, आणि कुठलं चांगलं ते पोरांकडूनच वदवून घेतलं. संगीता उभी राहिली.

"बाई, आमचे बापू पत्रे टाकनार हायत. आनून ठिवलेत."

"का गं?"

"जमीन गुरगुरती म्हनून. बापू म्हनत्यात, माती लई जड असती."

शैलाताईंनी तिला जवळ घेतलं. म्हणाल्या, "आपलं दख्खनचं पठार फार जुनं आहे, घट्ट खडकाचं. इथं मोठा भूकंप होत नसतो, भूगोलाच्या पुस्तकातच आहे. घरी जाऊन सांग बापूंना."

हे त्यांच्या मनातलं काही नव्हतं. तेव्हा सगळेच तसं म्हणत होते, पुस्तकं, साहेब, आमचे प्राध्यापकही. आणि घरी जाऊन सांगा ही तर आमची पद्धतच होती. मोठी माणसं स्वयंसेवकांचं ऐकत नाहीत, लेकराचं ऐकतात, असं आम्हाला प्रशिक्षणातच शिकवलेलं. एक मूल म्हणजे एक घर, असा हिशेब होता.

पाऊस सुरू झाल्यावर आम्ही लावलेली रोपं बघायला परत त्या गावात गेलो. निम्मी रोपं शेळ्यांनी खाल्ली होती. पण संगीतानं शैलाताईंचा हात धरून ओढत घरी नेलं. तिचे वडील, किशनराव, माळवदावर नवी माती टाकून, चोपून, खाली उतरले होते. पत्रे परत केले म्हणाले. "काय करावं बाई, दोन दिवस जेवली न्हाई. रडून रडून डोळे सुजविले. बाई म्हनल्या, बाई म्हनल्या, एकच. म्हनलं, टाकू बाबा माती." संगीताच्या आईनं चहा दिला. कडेवरचा लहान भाऊ शैलाताईंची वेणी ओढत होता. ताई खाटेवर बसून वर बघत होत्या आणि त्यांच्या तोंडावर इतका आनंद होता की मी तो पुन्हा कधी पाहिला नाही. त्या वर्षीच्या स्वयंसेवक मेळाव्यात त्यांनी हीच गोष्ट सांगितली. टाळ्या पडल्या. चिकाटी असावी तर अशी, असं अध्यक्ष म्हणाले.

गणपती विसर्जन झालं त्याच रात्री, पहाटे भूकंप झाला. नांदेडला आमच्या फळीवरची भांडी खडखडली, आम्ही बाहेर आलो, थोड्या वेळानं आत गेलो. काय झालंय ते दिवस वर आल्यावर रेडिओवर कळत गेलं. शैलाताई आमच्या दारात आल्या तेव्हा त्यांच्या अंगावर घरातलंच पातळ होतं. "चल," एवढंच म्हणाल्या. कॉलेजच्या ट्रकमधून आम्ही गेलो.

तिथलं मी फारसं सांगत नाही. शैलाताई संगीताची गल्ली शोधत होत्या आणि गल्लीच सापडत नव्हती. नुसते दगड आणि माती. संगीता सापडली ती दुसऱ्या दिवशी, मदतीच्या छावणीत. विसर्जनाहून आल्यावर ती आणि किशनराव अंगणातल्या बाजेवर तसेच आडवे झाले होते. आई आणि भाऊ आत होते.

किशनरावांनी शैलाताईंना दोष दिला नाही. उलट, "बसा बाई," म्हणून घोंगडी सरकवली. ताई घोंगडीवर बसल्या नाहीत. संगीतासमोर उकिडव्या बसून म्हणाल्या, "तुझं काही चुकलं नाही. मी सांगितलं होतं, तू नाही."

संगीतानं त्यांच्याकडं बघितलं. आवाज अगदी साधा होता. "तुमी कुठं सांगितलं? तुमी शाळंत होता. घरात म्या सांगितलं."



पुढं तज्ज्ञ आले, अहवाल आले. भिंतीच कच्च्या होत्या, दगड नुसते रचलेले होते, पत्रे असते तरी भिंती पडल्याच असत्या, असं एका इंजिनिअरनं आम्हाला समजावून सांगितलं. मी ते मोठ्या आशेनं शैलाताईंना सांगायला गेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "असेल," म्हणाल्या. "पण पत्र्याखाली माणूस हाका मारतो, सुधा. त्याला काढता येतं. मातीखाली हाक येत नाही." मग थांबून, "आणि संगीताला तो अहवाल कोण वाचून दाखवणार?"

त्यांचं संशोधनाचं काम नांदेडला सुरू व्हायचं होतं. ते त्यांनी सोडलं. घरच्यांनी खूप समजावलं, आई तर त्यांच्याशी बोलेनाशी झाली. लातूरला एका क्लासमध्ये त्या शिकवायला लागल्या, कारण लातूरहून गावाकडची एसटी सकाळी मिळायची. दर रविवारी जायच्या. सगळं गाव तेव्हा पत्र्याच्या शेडमध्ये राहत होतं. संगीता त्यांच्याशी बोलत नसे. ताई जायच्या, तिच्यासोबत पाणी भरायच्या, भाकरी थापायला शिकल्या, संध्याकाळी परत यायच्या. पिशवी कुठून आली आणि कुठं जाणार हे विचारणं त्यांनी कधी बंद केलं, ते मला सांगता येणार नाही. एकदा लक्षात आलं की बऱ्याच दिवसांत ऐकलं नाही.

माझं लग्न होऊन मी लातुरातच आले, शाळेत लागले, त्यामुळं पुढचं सगळं जवळून बघितलं. शहरात तेव्हा क्लासेसचा हंगाम नुकता सुरू झाला होता. गल्लीगल्लीत पाट्या, खोल्या भाड्यानं देणे, मेस चालू आहे. नांदेड, मुदखेड, माहूर, कुठून कुठून पोरं येऊन पडलेली. शैलाताईंचा तास म्हणजे पोरं दारात उभं राहून ऐकायची. काय शिकवायच्या. पण त्यांचा एक हट्ट होता. कुणालाही, काहीही, 'कर' म्हणून सांगायचं नाही. आणि घरी जाऊन अमुक सांग असं तर मुळीच नाही.

क्लासच्या मालकांना हे परवडणारं नव्हतं. पालक क्लासात यायचे तेच सल्ला विचारायला. एकदा अर्धापूरचे एक केळीवाले बागाईतदार मुलाला घेऊन आले, खांद्यावर घड.

"मॅडम, फकस्त एवढं सांगा. मेडिकलला टाकू का इंजिनिअरिंगला? तुमी म्हनाल तसं."

"ते मी सांगत नाही."

"म्हनजे? पोरगं तुमच्या हाताखाली हाय."

"म्हणून तर सांगत नाही. त्याला विचारा."

"त्याला काय अक्कल हाय? मग फी कशाची घेऊन राहिलात तुमी?"

"रसायनशास्त्राची," शैलाताई म्हणाल्या. केळीवाले घड परत घेऊन गेले. लातुरात लोक त्यांना गर्विष्ठ म्हणायचे. मीही एकदा म्हटलं, "ताई, दोन शब्द बोललात तर काय बिघडतं?" त्यांनी माझ्याकडं अशा नजरेनं बघितलं की मी चहा टाकायला उठले.

एवढ्यात नांदेडला वेगळं विद्यापीठ झालं होतं आणि तिथले स्वयंसेवक आमच्या शाळेत आले. हौशी, तरतरीत पोरं. मी हौसेनं शैलाताईंना बोलावलं. त्या नको नको म्हणत आल्या आणि मागच्या बाकावर बसल्या. विषय पाण्याचा. लातूरला नळ रोज येत नाही. नवं पाणी आलं की बायका आधीचं साठवलेलं शिळं म्हणून ओतून देतात. ते थांबवायचं, असं तो स्वयंसेवक समजावत होता. छान बोलत होता. शेवटी म्हणाला, "आज घरी जाऊन आईला सांगा. ऐकलं नाही तर हट्ट धरा. जेवायचंच नाही!" पोरं खिदळली.

शैलाताई उभ्या राहिल्या. पांढऱ्या पडल्या होत्या.

"तुम्ही जाणार आहात का यांच्या घरी?"

"आम्ही? नाही मॅडम, मुलंच..."

"मग हट्ट धरायला यांना का लावता? सांगायचं असेल तर तुम्ही जा. त्यांच्या दारात उभे राहा. उद्या काही कमीजास्त झालं तर त्या बाईला तुमचं तोंड आठवलं पाहिजे, लेकराचं नाही."

मला वाटलं, आता पोरगा रुसून जाणार. पण शाळा सुटल्यावर शैलाताई खरोखरच त्याला घेऊन आमच्या शाळेतल्या एका मुलाच्या घरी गेल्या, मागून मीही. मुलाच्या आईनं सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाली, "दादा, माझ्या धाकट्याला जुलाब झालते. डाक्टर म्हनले, शिळं पानी देऊ नका. आता तुमी म्हनता, ओतू नका. म्या कुनाचं ऐकू?"

स्वयंसेवक शैलाताईंकडं बघायला लागला. "माझ्याकडं काय बघता," त्या म्हणाल्या, "त्यांनी तुम्हाला विचारलंय. बसा, विचार करा." पोरगा ओट्यावर बसला. मग हळूहळू, बाईंशी बोलत बोलतच, ठरलं: शिळं पाणी धुण्याभांड्याला, प्यायला नवं, तेही उकळून. बाईंनी चहा दिला. मला वाटतं त्या दिवशी तो पोरगा काहीतरी शिकला. शैलाताई मात्र घरी येऊन माझ्या स्वयंपाकघरात भिंतीला टेकून बसल्या आणि रडल्या. "इतकं सोपं होतं गं," म्हणाल्या. "मी नुसतं त्यांच्या घरी जाऊन किशनरावांना विचारलं असतं, पत्रे का आणलेत. संगीतानं सांगितलं तेच ते म्हणाले असते, माती जड असते. पण त्यांच्या तोंडून मला ते कळलं असतं." मी त्यांच्या पाठीवर हात ठेवून बसले.

मग काही वर्षांनी गावाला नवी घरं मिळाली. माळावर सरळ रेषेत, एकसारखी, सिमेंटच्या ठोकळ्यांची, वर स्लॅब. लोक बिचकत बिचकत राहायला गेले. संगीता गेली नाही. आता ती चांगली मोठी झाली होती, पण तिनं भूकंपानंतर एकदाही पक्क्या छताखाली पाय ठेवला नव्हता. शेड उतरवायची वेळ आली तरी ती एकटी तिथंच. किशनराव लातूरला क्लासवर आले, पालकांच्या रांगेत उभे राहिले. मी तिथं होते.

"बाई, पोरगी घरात येइना. शेड काढायला लागलेत. तिला स्थळं येतेत, सगळी पक्क्या घरातली. तुमी सांगितलं तर ऐकंल ती. तुमचंच ऐकत आलीय."

शेवटचं वाक्य त्यांनी टोमणा म्हणून म्हटलं नव्हतं, पण शैलाताईंना ते लागलं.

"मी तिला सांगणार नाही, किशनराव."

ते जायला वळले. रुमाल खांद्यावर टाकला.

"पण मी येते," त्या म्हणाल्या.

परीक्षा तोंडावर, क्लासचा ऐन हंगाम. मालकांनी आदळआपट केली, नोकरीवर पाणी सोडावं लागेल म्हणाले. शैलाताई वळकटी बांधून निघाल्या. किशनरावांच्या नव्या घरात मधल्या खोलीत त्यांनी सतरंजी अंथरली आणि तिथं राहायला लागल्या. संगीताला एका शब्दानं आत ये म्हटलं नाही. दिवसा तिच्यासोबत काम, झोपायला घरात. ही बाई मनातून किती घाबरते ते मला माहीत होतं. लातूरला त्यांनी मुद्दाम पत्र्याची खोली भाड्यानं घेतली होती.

पुढच्या रविवारी मी त्यांना धुतलेले कपडे द्यायला गेले. दुपारची वेळ, दार सताड उघडं. संगीता शेडवरून येऊन दाराबाहेर बसून तूर पाखडत होती. शैलाताई आत सतरंजीवर उताण्या पडल्या होत्या, डोळे स्लॅबला लागलेले, दोन्ही मुठींत सतरंजीचे काठ. आठवडाभरात निम्म्या झाल्या होत्या. त्यांचं ओझं तिथं राहून कमी झालं असं मी म्हणणार नाही. ते शेवटपर्यंत कमी झालं नाही, लोकांनी कितीही समजावलं तरी, आणि मला वाटतं त्यांना ते कमी करून घ्यायचंही नव्हतं.

संगीता पाखडायची थांबली.

"बाई, झोप येती का तिथं?"

"नाही."

"भ्या वाटतं?"

"खूप."

"मग बाहीर या की."

शैलाताई हलल्या नाहीत. संगीतानं सूप मांडीवर ठेवलं.

"बाई, तुमाला आत झोपा म्हनून म्या सांगितलं न्हाई."

"नाही. तू नाही सांगितलंस."

"बापूनं?"

"त्यांनीही नाही. मी माझ्या मनानं झोपले."

"काय झालं तर?"

"तर ते माझं. तुझं त्यात काही नाही, संगीता."

तिनं ते दोन-तीनदा मनात म्हणून बघितलं असावं, ओठ हलत होते. मग उठली, आधी सूप आत सरकवलं, मग तुरीचं टोपलं, आणि पदर खोचून शैलाताईंच्या पायाशी येऊन पाखडायला बसली.